सभागृह नको, गटाराचं बोला



नगरपालिकेची निवडणूक आली की उमेदवार आपल्या मंदिरात येतात. दर्शन घेतात, ट्रस्टींना नमस्कार करतात आणि सांगतात, "समाजासाठी सभागृह देतो, आवारात पेव्हिंग ब्लॉक टाकून देतो." आपण खूश होतो. माझं मत वेगळं आहे. सभागृह आपण देणगीतून बांधू शकतो, आजवर बांधत आलोच आहोत. पण नळाचं पाणी, गटार आणि कचरा ही कामं देणगीतून होत नाहीत. ती नगरपालिकेनंच करायची असतात. मग मत मागायला आलेल्याला त्याबद्दलच विचारायला नको का?

पहिला प्रश्न पाण्याचा. "रोज पाणी देऊ" असं सगळेच म्हणतात. पण गळक्या पाइपात पाणी नसतं तेव्हा शेजारच्या गटाराची घाण आत ओढली जाते, आणि नळ सुटला की तीच आपल्या हंड्यात येते. आपण पाणी गाळून घेतो ते जीवदयेसाठी. काविळीचे विषाणू दुपदरी फडक्यात अडकत नाहीत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. म्हणून "किती दिवसांआड पाणी?" एवढ्यावर थांबू नका. जुन्या पाइप कोणत्या गल्लीत, कधी बदलणार, ते विचारा.

दुसरा प्रश्न सांडपाण्याचा. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर जातं. ते कुठे जातं? प्रक्रिया न करता ओढ्यात सोडलं तर ओढ्यातून नदीत, आणि नदीतून खालच्या गावाच्या नळात. पंचगंगेकाठच्या भगिनींना हे वेगळं सांगायला नको. पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे: टाकायचं ते जीवांना इजा न होईल अशा जागी, बघून टाकायचं. मुनिमहाराज ती काटेकोर पाळतात. आपण श्रावक मात्र मोरीतलं पाणी दिसेनासं झालं की विसरतो. महाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा तर विहिरीचं पाणी लागतं. गटार झिरपून विहिरी नासल्या तर ते आणायचं कुठून?

तिसरा प्रश्न पैशाचा. एकाच पत्रकात "पाणीपट्टी वाढवणार नाही" आणि "रोज पाणी देणार" अशा दोन ओळी असतात. पंपाचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, कामगारांचे पगार हा खर्च टळत नाही. पाणीपट्टीतून तो भागत नसेल तर फरक कोणत्या खात्यातून भरणार? जमाखर्च न जुळणारं आश्वासन आपण घरात नोकरालाही देत नाही. थोडी पट्टी वाढेल, पण पाइप बदलेन, असं तोंडावर सांगणारा उमेदवार मला जास्त विश्वासाचा वाटतो.

आणखी एक. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण बऱ्याच ठिकाणी उमेदवार बाई हात जोडून उभ्या असतात आणि बोलतात त्यांचे यजमान. तेव्हा नम्रपणे म्हणा, "भाऊ, ताईंनाच बोलू दे." पाणी भरणं आणि कचऱ्याची गाडी गाठणं बहुतेक घरांत बायकांकडेच असतं. ताईंना त्यातलं नक्की कळतं. सभागृहात हात वर करायचा आहे तोही त्यांनाच.

उमेदवार आपल्या समाजाचा आहे म्हणून प्रश्न टाळू नका. उलट त्याला आधी विचारा. अहिंसा आणि अपरिग्रह त्यालाही शिकवलेले आहेत, तेव्हा गटाराबद्दल त्याच्याकडे उत्तर असायलाच हवं.

पुढच्या वेळी मंदिरात कुणी सभागृह देऊ केलं तर महिला मंडळानं एकमुखानं सांगावं: ते आमचं आम्ही बघू, तुम्ही गटाराचं बोला.