अदलाबदलीचा सौदा

आयपीएलमुळे खेळाडूंची अदलाबदल आपल्या घरातल्या मुलांना नवी राहिलेली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात रवींद्र जडेजा चेन्नईहून राजस्थानकडे आणि संजू सॅमसन राजस्थानहून चेन्नईकडे गेला. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो : फायदा कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर किती अवघड असते, हे ऑस्ट्रेलियातल्या एका सौद्यावरून कळते. तिथे रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा, अंडाकृती चेंडूचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ फार लोकप्रिय आहे. सिडनीच्या पश्चिम टोकाला पेनरिथ आणि दक्षिणेला समुद्राकाठी क्रोनुला, असे दोन क्लब. पेनरिथचा कर्णधार मॅट मोयलन २६ वर्षांचा. क्रोनुलाचा जेम्स मलोनी ३१ वर्षांचा. १९६७ पासून अजिंक्यपदाची वाट पाहणाऱ्या क्रोनुलाने २०१६ मध्ये ते पहिल्यांदा जिंकले, त्या संघात मलोनी होता. तरीही जेमतेम वर्षभराने, २०१७ च्या अखेरीस, दोघांनी एकमेकांचे क्लब घेतले.

यामागचा हिशेब समजण्यासारखा आहे. तिथे प्रत्येक क्लबला पगाराची कमाल मर्यादा असते. त्यामुळे मोठा खेळाडू आणायचा तर कोणाला तरी सोडावे लागते. पेनरिथकडे नाथन क्लिअरीसारखी विशीतली मुले होती. त्यांच्या शेजारी एक अनुभवी माणूस हवा होता. क्रोनुलाला पुढची बरीच वर्षे खेळेल असा खेळाडू मिळत होता.

मग फायदा कोणाचा झाला? २०१८ मध्ये मलोनी न्यू साऊथ वेल्सकडून खेळला आणि त्या संघाने क्वीन्सलँडवर मालिका जिंकली. तेव्हा पेनरिथ शहाणे ठरले. त्याच वर्षी बाद फेरीत हेच दोन क्लब समोरासमोर आले आणि क्रोनुलाने २१-२० असा एका गुणाने सामना जिंकला. तेव्हा क्रोनुला शहाणे ठरले. मलोनी दोन हंगामांनंतर फ्रान्समधल्या पर्पिन्याँच्या क्लबकडे निघून गेला. मोयलन २०२३ पर्यंत क्रोनुलातच राहिला. ज्या महिन्यात विचाराल, त्या महिन्याचे उत्तर वेगळे.

या सौद्यातली एक गोष्ट मात्र निकालावर अवलंबून नव्हती. तिथल्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या होकाराशिवाय त्याला दुसऱ्या क्लबकडे पाठवता येत नाही. दोन क्लबांचे जुळले तरी दोन माणसांचे ‘हो’ लागतेच.

आपल्या घरांतही असे निर्णय होतात. मुलाला काकांच्या दुकानात बसवायचे की पुण्याला शिकायला पाठवायचे, मुलीने कोणती शाखा घ्यायची, यावर वडीलधारी मंडळी रात्री उशिरापर्यंत हिशेब मांडतात. हिशेब मांडावाच, तो त्यांच्या काळजीतूनच येतो. पण निर्णय बरोबर होता की चूक, हे पाच वर्षांनी कळेल. ज्याला जायचे आहे त्याला विचारले की नाही, हे मात्र आजच कळते.