घरात येणारे हात

झाशीवर राज्य केलेल्या नेवाळकर घराण्याच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत. त्यांतली मुलं नोकरीसाठी दूर जातात आणि इलाइट चौराह्याजवळच्या घरात एकट्या राहणाऱ्या आईसाठी फोनवरूनच बाई ठरवतात. पैसे विचारतात, वेळ विचारतात. येणारी बाई शिकलेली नर्स आहे की नुसती सोबतीण, हे मात्र विचारायचं राहून जातं.

नर्सची नोंदणी राज्याच्या परिचर्या परिषदेकडे असते; तो क्रमांक मागा. पोलीस पडताळणीचा कागद पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली जाते का? औषधाची वेळ वहीत लिहिली जाते का? बाईला झोप मिळते का, हेही विचारा. चोवीस तास जागणाऱ्या हातांकडून चूक होणारच. आणि आईशी एकटीशी बोला. बाई समोर असताना ती खरं सांगणार नाही.

अशा घरपोच काळजीसेवांना नोंदणी आणि किमान दर्जा लावू पाहणारं ज्येष्ठ नागरिक दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं. त्याचा कायदा झाला नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन मात्र आहे: १४५६७. हा नंबर आईच्या फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.