सुरकुती हा रोग नव्हे!

वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा आरोग्यसेवेला करमाफी मिळाली; सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेला मात्र ती नाकारण्यात आली. जन्मजात व्यंग, इजा वा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया तेवढी करमुक्त राहिली. अधिसूचनेच्या रूक्ष भाषेत शासनाने एक महत्त्वाचा भेद मान्य केला : रुग्णावरील उपचार वेगळे आणि निरोगी माणसाच्या हौसेची सेवा वेगळी. बाजारपेठ मात्र हाच भेद पुसून टाकण्यात गुंतलेली आहे. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवरील उपचारांचा वाढता प्रसार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या सुरकुत्यांची कारणे गूढ नाहीत. डोळ्यांभोवतीची त्वचा अत्यंत पातळ असते. वयोमानाने तिच्यातील कोलॅजेन हे प्रथिन घटते आणि हसताना वा डोळे बारीक करताना आकुंचन पावणाऱ्या स्नायूंच्या घड्या तिच्यावर कायमच्या उमटतात. या ऱ्हासाला सर्वाधिक वेग देते ते ऊन. अमेरिकेतील एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका मालमोटारचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. २८ वर्षे वाहन चालविणाऱ्या या गृहस्थाच्या चेहऱ्याची खिडकीकडील बाजू दुसरीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. खिडकीच्या काचेतूनही काही अतिनील किरण आत येतात, याचा तो बोलका पुरावा होता.

आज सर्वांत लोकप्रिय ठरलेला इलाज म्हणजे बोटॉक्सची सुई. मूळचे हे विषच. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी युस्टिनस केर्नर या जर्मन वैद्याने नासक्या मांसातून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास करताना या विषाचा औषधी उपयोग होऊ शकेल, असे सुचविले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा वापर सिद्ध केला आणि १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचे अनावर आकुंचन यांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. व्हँकूव्हरच्या डॉ. जीन व डॉ. अ‍ॅलिस्टर कॅरदर्स या दांपत्याला, अशा रुग्णांच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात, हे आढळले आणि औषधाची वाट सौंदर्यप्रसाधनाकडे वळली. अमेरिकेत आठ्यांसाठी २००२ मध्ये, तर डोळ्यांच्या कोपऱ्यांतील रेषांसाठी २०१३ मध्ये परवानगी मिळाली. मात्र स्नायू शिथिल करणारा हा परिणाम साधारणतः तीन ते चार महिनेच टिकतो. म्हणजे ही एकवार केलेली खरेदी नसून कायमची वर्गणी आहे. ठरावीक पगारात घर चालविणाऱ्या कुटुंबाने प्रथम विचारात घ्यावे ते हेच.

इतर मार्गही निर्धोक नाहीत. डोळ्यांखालील खोलगटपणा भरून काढणारे द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेल्यास क्वचित कायमचे अंधत्व येते. लेसर वा रासायनिक लेपाने सावळ्या कातडीवर काळे डाग उमटण्याचा संभव अधिक असतो, ही बाब भारतीयांनी विसरून चालणार नाही. ट्रेटिनॉइनचे मलम बारीक रेषा काहीसे कमी करते. पण त्याला महिनोन् महिने लागतात, त्वचेचा दाह होऊ शकतो आणि गर्भवतींनी ते टाळावयाचे असते. वरची पापणी लोंबून दृष्टीच अडत असेल, तर शस्त्रक्रिया हा खराखुरा उपचार ठरतो. तेथे हौसेचा प्रश्नच येत नाही.

खरा धोका औषधाइतकाच ते टोचणाऱ्या हातांत आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ११ राज्यांत २२ स्त्रियांना बनावट वा गैररीतीने हाताळलेल्या बोटॉक्समुळे बाधा झाल्याचे तेथील आरोग्ययंत्रणेने जाहीर केले. त्यांपैकी ११ जणींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यांनी सुया घेतल्या होत्या त्या परवाना वा प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तींकडून, अथवा घरासारख्या वैद्यकीय नसलेल्या ठिकाणी. इंग्लंडने तर २०२१ मध्ये कायदा करून अठरा वर्षांखालील मुलामुलींना सौंदर्यासाठी असे उपचार देण्यास बंदी घातली.

भारतात नियम नाहीत, असे नव्हे. औषधविषयक १९४५ च्या नियमावलीतील ‘जे’ परिशिष्टात, ज्यांवर इलाज असल्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशा अवस्थांची यादी आहे. तीत अकाली वार्धक्य आणि पुनर्यौवनाची शक्ती यांचाही समावेश होतो. तरीही तारुण्य परत आणून देण्याची भाषा जाहिरातींतून सर्रास चालते. नियम कागदावर राहिला की जाहिरातदाराचे धैर्य वाढते, हा अनुभव जुनाच आहे.

सुरकुत्या घालवू इच्छिणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वतःच्या चेहऱ्याविषयीचा निर्णय हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. परंतु माहितीविना घेतलेला निर्णय स्वतंत्र नसतो. सुई टोचणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर आहे काय, कुपी अस्सल आहे काय, परिणाम किती काळ टिकेल आणि अपाय झाल्यास जबाबदार कोण, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे देणे प्रत्येक केंद्राला बंधनकारक केले पाहिजे.

सर्वांत साधा उपाय मात्र जाहिरातींच्या गलबल्यात मागे पडतो. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दररोज उन्हापासून संरक्षण देणारे मलम लावणाऱ्यांच्या त्वचेत साडेचार वर्षांत वार्धक्याची वाढ आढळली नाही. छत्री, टोपी आणि असे मलम यांतून कोणाला तीन-तीन महिन्यांनी परत येणारे गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणूनच हा सल्ला जाहिरातीने नव्हे, तर शाळेने आणि सरकारी दवाखान्याने लोकांपर्यंत पोहोचविला पाहिजे.