युरोपच्या दगडी वाटा आणि आपली वहाण

अक्षय्य तृतीयेची पारणी आटोपली की आपल्या घरांतून परदेश सहलींची लगबग सुरू होते. मुलांना सुट्टी असते, बाजार थोडा थंड असतो आणि चातुर्मास बसण्यापूर्वी घरी परतायचे असते; त्यामुळे मे-जूनमधील दहा-बारा दिवस युरोपसाठी सोयीचे पडतात. व्हिसा, विमा, परकीय चलन, खाखऱ्याचे डबे, औषधे, जैन भोजनाची लेखी खात्री, या सर्वांची यादी महिनाभर आधी तयार असते. पादत्राणांचे नाव मात्र त्या यादीत बहुधा सर्वांत शेवटी येते आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत विमानतळाकडे जाता जाता एखाद्या दुकानात शिरून ती खरेदी उरकली जाते.

परिचयातील एका व्यापारी दांपत्याने गेल्या उन्हाळ्यात असेच केले. रोममधील दुसऱ्याच दिवशी वहिनींच्या दोन्ही टाचांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. पुढे व्हेनिस त्यांनी पाहिले ते धक्क्यावरच्या एका बाकावरून. फ्लॉरेन्समध्ये तर त्या बसमधून उतरल्याच नाहीत. माणशी काही लाख रुपये भरून केलेल्या सहलीचा अर्धा भाग खिडकीच्या काचेतून पाहावा लागला, आणि घरातील इतरांनाही त्यांना एकटे सोडून जाताना मोकळेपणा वाटला नाही.

सहलीच्या पत्रकात ‘वातानुकूलित बसने प्रवास’ असे लिहिलेले असते, त्यामुळे चालणे ते कितीसे असणार, असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. युरोपातील अनेक जुन्या शहरांच्या मध्यभागी मोठ्या बसला प्रवेश नसतो. बस गावाबाहेरच्या तळावर थांबते आणि तेथून चौक, चर्च, राजवाडा, संग्रहालय हे सारे पायीच. व्हेनिसच्या मूळ बेटांवर मोटारच नाही. कालव्यांवरचे पूल पायऱ्यांचे आहेत आणि ते दिवसातून कित्येकदा चढावे-उतरावे लागतात. रोमच्या जुन्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे चौकोनी तुकडे बसवलेले असतात, त्यांना तेथे ‘सँपिएत्रिनी’ म्हणतात. शतकानुशतकांच्या वापराने ते गुळगुळीत झालेले असतात, त्यांच्यामध्ये फटी असतात आणि पाऊस पडला की पाय घसरतो. सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर जायचे तर 551 पायऱ्या. उद्वाहनाने काही वाचल्या तरी तीनशेहून अधिक उरतातच. शिवाय संग्रहालयातील संथ चालणे आणि रांगेत उभे राहणे हे सरळ चालण्यापेक्षा अधिक थकवते. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. चौविहार करणाऱ्यांना ही सोय वाटते खरी, पण त्यामुळे सहलीचा दिवसही तितकाच लांबतो.

यावर आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: “अहो, आम्ही पालिताण्याला अनवाणी चढलो आहोत, युरोपचे काय घेऊन बसलात!” शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढणाऱ्यांविषयी आदरच आहे. परंतु तेथे पाय मोकळा असतो; बोटे पसरतात, टाच कशाला घासत नाही. फोड येतो तो कातडी आणि बूट यांच्यातील घर्षणाने व घामाने. अनवाणी चालण्याची सवय बंद बुटात उपयोगी पडेलच असे नाही. दुसरे असे की यात्रा भावबळावर होते आणि खाली उतरल्यावर धर्मशाळेत विश्रांती मिळते. सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पुन्हा बस उभी असते. आणि दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणाऱ्या आपल्या व्यापारी माणसाच्या पोटऱ्या सलग दहा दिवस चालण्याला तयार नसतात, हेही मान्य केले पाहिजे.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, चामड्याचा. साधू-साध्वींना पादत्राण सर्वथा वर्ज्य आहे; दशवैकालिक सूत्राच्या तिसऱ्या अध्ययनात अनाचीर्णांमध्ये त्याची गणना आहे. श्रावकाला तेवढी कठोरता नाही. तरी रोज चौदा नियम धारणाऱ्यांना ‘वाणह’ हा नियम ठाऊक असतो. दिवसभरात किती जोड वापरणार याची मर्यादा त्यात घातली जाते. (मराठी ‘वहाण’ हा शब्दही त्याच ‘उपानह’पासून आलेला आहे.) पंधरा कर्मादानांतील दंतवाणिज्यात कातड्याचा व्यापारही धरला जातो. म्हणजे जी वस्तू विकायला आपले वाडवडील कचरले ती पायात घालून आपण फिरावे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारण्यासारखा आहे.

पुष्कळांना वाटते की खेळाचे बूट म्हणजे कापड आणि रबर, त्यात चामडे कोठून येणार? येते. पुढच्या टोकाला, टाचेच्या मागे, नाडीच्या भोकांभोवती मऊ लवदार पट्ट्या असतात, त्या कित्येकदा ‘स्वेड’ किंवा ‘नुबक’ असतात आणि ही दोन्ही चामड्याचीच रूपे आहेत. काही बुटांत आतील अस्तर डुकराच्या कातड्याचे असते आणि बाहेरून त्याची शंकाही येत नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका बुटांच्या खोक्यावर नसतो. मात्र युरोपीय संघाने 1994 मध्ये केलेल्या नियमानुसार तेथे विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर तीन भागांची माहिती द्यावी लागते: वरचा भाग, आतील अस्तर व गादी, आणि बाहेरचा तळ. ती बहुधा चित्रांनी दिलेली असते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. त्याच आकृतीत चौकट-इस्पिकातल्या चौकटसारखे चिन्ह असेल तर लेप दिलेले चामडे. विणलेल्या जाळीची आकृती म्हणजे कापड. आणि नुसती चौकट म्हणजे अन्य पदार्थ, अर्थात रबर, प्लास्टिक वगैरे. मोठ्या कंपन्यांच्या भारतात मिळणाऱ्या जोडांवरही हे लेबल अनेकदा आढळते.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या भागाचा किमान 80 टक्के हिस्सा ज्या पदार्थाचा असेल त्याचेच चिन्ह छापणे पुरेसे असते. म्हणजे ‘कापड’ असे चिन्ह असूनही एखादी चामडी पट्टी असू शकते. म्हणून चिन्ह पाहावे, शिवाय प्रत्येक पट्टी बोटाने चाचपावी आणि दुकानदाराला ‘संपूर्णपणे चामडेरहित आहे काय’ असे स्पष्ट विचारावे. डिंकाची शंका असेल तर कंपनीला ई-मेल करून लेखी उत्तर मागवावे. आजच्या खेळाच्या बुटांत सर्वसाधारणपणे कृत्रिम डिंक वापरतात, पण नियम पाळणाऱ्याला तोंडी आश्वासन पुरत नाही. कर्जप्रकरणातही आपण तोंडी तारण स्वीकारत नाही.

माप घेताना संध्याकाळची वेळ निवडावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेला असतो. सोबत नेणार तेच मोजे घालून जावे. दोन्ही पाय सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरावी, नाहीतर उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळीनिळी पडतात. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. बूट हातात धरून वाकवावा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध दुमडू नये. आपल्याकडील क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे असतात, त्यांत एक क्रमांक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा; युरोपीय क्रमांक दोन तृतीयांश सेंटिमीटरचा. दोहोंचा मेळ तंतोतंत बसत नाही आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा असतो. जिभेच्या आतील लेबलावर सेंटिमीटरचा आकडा असतो, तोच खरा मानावा.

फार मऊ, ढगासारखा तळ दुकानातील गालिच्यावर सुखद वाटतो, पण खडबडीत फरशीवर घोटा डुलतो. साठीपुढच्यांनी मध्यम कडक, रुंद आणि रबरी पकड असलेला तळ घ्यावा असे माझे मत आहे. जलरोधक बुटांची गरज सहसा नसते. टिटलिस किंवा 3,454 मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख येथे बर्फात तास-दीड तास काढायचा असतो, तेवढ्यासाठी दहा दिवस पाय उकडत ठेवण्यात अर्थ नाही. मोज्यांचा जादा जोड पुरतो. मोजे निव्वळ सुती नकोत, ते घाम धरून ठेवतात. नायलॉन-पॉलिस्टरचे मिश्रण लवकर वाळते, आणि लोकर वर्ज्य मानणाऱ्यांचाही प्रश्न त्याने सुटतो.

मधुमेह असणाऱ्यांनी हे सारे अधिक गांभीर्याने घ्यावे. त्यांच्या पायाची संवेदना मंद झालेली असू शकते. खडा टोचतो, फोड येतो आणि कळतच नाही. जाण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावेत. बूट चढवण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत.

भगिनींच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. साडीखाली बूट शोभत नाहीत, या एका संकोचापायी कित्येक जणी नाजूक चपलेवर युरोप काढतात. घरातील सुनांनी सासूबाईंना हे आपलेपणाने सांगावे: तेथे कोणी आपल्या पायांकडे पाहत नाही. साडी बोटभर वर नेसली किंवा प्रवासापुरता पंजाबी पोशाख केला तर प्रश्नच उरत नाही.

नवा जोड किमान तीन-चार आठवडे आधी घ्यावा आणि रोज वापरावा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यातील कामगार पोलादी टोकाचे सुरक्षा-बूट घालून पूर्ण पाळी उभे असतात. नवा जोड मिळाला की अनुभवी कामगार पहिल्याच दिवशी तो आठ तास घालत नाहीत, थोडाथोडा वापरून सैल करतात. आपणही तेच करावे. रासायनिक टँकरांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पहाटे धाटावहून रोह्याकडे चालत जावे. आठवड्याने बाजारपेठेत फेरी मारून परत यावे. कोठे टोचते ते येथेच कळलेले बरे, येथे रिक्षा मिळते.

खर्चाचा हिशेब साधा आहे. 2025 च्या सप्टेंबरपासून 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावर 18 टक्के; आणि या मर्यादेत चांगला चामडेरहित जोड मिळू शकतो. दिवसाला पंधरा हजार पावले धरली तर दहा दिवसांत दीड लाख पावले होतात. एका पावलाला पावणेदोन पैसेही पडत नाहीत. शक्य असल्यास दोन जोड न्यावेत व आलटून पालटून वापरावेत. त्यांपैकी एक नाडीविना चटकन निघणारा असावा. अँटवर्पजवळ विल्रिक येथे संगमरवरी जिनालय आहे. तेथे दर्शनाला थांबणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. विमानात जड जोड पायात असावा, हलका बॅगेत.

आणखी एक सावधगिरी खास आपल्या कोकणपट्टीसाठी. मागील सहलीचा जोड चार-पाच वर्षे कपाटात नव्यासारखा राहिला म्हणून तो तसाच नेऊ नये. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून विघटित होत जातो. वरून धड दिसतो आणि दोन-तीन मैल चालताच वडीच्या पिठासारखा भुगा होऊन सुटतो. रोहा-धाटावच्या पावसाळ्यात ही प्रक्रिया लवकर होते. परतल्यावर जोड पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, हवेशीर जागी ठेवावा, अधूनमधून वापरावा, आणि जिभेच्या आतल्या बाजूस खरेदीची तारीख शाईने लिहून ठेवावी.