वेष्टनावरची चिकटपट्टी

जुनी खेळणी जमवणारी मंडळी खेळण्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, त्याच्या वेष्टनाला जपतात हे ऐकून बहुतेकांना हसू येते. चांगला कर्तासवरता गृहस्थ प्लास्टिकचा बाहुला विकत घेतो, तो आयुष्यात कधी बाहेर काढत नाही आणि मागच्या पुठ्ठ्यावर किती चित्रे छापली आहेत ती मोजत बसतो, यात शहाणपण ते कोणते, असे आपल्यापैकी काही सभासद विचारतात. मला स्वतःला हा छंद नाही. तरीही एक बालरोगतज्ज्ञ म्हणून मी या मंडळींच्या बाजूचा आहे.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील केनर कंपनीचे बाहुले घेऊ. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ साली आला आणि अपेक्षेपलीकडे चालला. त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुले तयारच झाले नव्हते. तेव्हा कंपनीने एक पाकीट विकले. त्यात बाहुल्यांऐवजी पुठ्ठ्याचा देखावा आणि एक कूपन होते. बाहुले टपालाने मागाहून आले. आधी वेष्टन आणि मग वस्तू, हा व्यापार तेथील पालकांनी मुकाट्याने स्वीकारला!

१९७८पासून हे पावणेचार इंची बाहुले दुकानात लटकू लागले. रंगीत पुठ्ठा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा. आपल्या गोळ्यांच्या पाकिटासारखेच ब्लिस्टर पॅक. पुठ्ठ्याच्या पाठीवर उपलब्ध बाहुल्यांची चित्रे असत. प्रथम ती बारा होती, पुढे वीस, एकवीस असे करत १९८५पर्यंत ती ब्याण्णववर गेली. संग्राहक पुठ्ठ्याचा काळ ओळखतात तो प्रामुख्याने याच आकड्यावरून. युरोपसाठी तीन भाषांतील नावांचा पुठ्ठा निघाला; सीमाभागातील आपल्याला बहुभाषी पाट्यांचे अप्रूप नाही, पण संग्राहकांना आहे. बाहुला तोच असला तरी बारा चित्रांच्या पुठ्ठ्यावरचा आणि नंतरच्या पुठ्ठ्यावरचा यांच्या किमतीत मोठे अंतर पडते. पुठ्ठा, फुगवटा आणि बाहुला यांना वेगवेगळे गुण देणाऱ्या संस्थाही तेथे आहेत.

एवढ्यावर विषय संपला असता तर मी लेखणी उचलली नसती. १९७९ साली केनरने एक योजना जाहीर केली. चार पाकिटांवरची खरेदीची खूण कापून पाठवा आणि बोबा फेट नावाचा बाहुला मोफत मिळवा. त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून स्प्रिंगने लाल अग्निबाण सुटेल, असे पुठ्ठ्यावर चित्रासह छापले होते. त्याच सुमारास मॅटेल कंपनीच्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेतील खेळण्यातून सुटलेला असाच छोटा बाण घशात अडकून चार वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. जानेवारी १९७९मध्ये मॅटेलने ते बाण परत मागवले. केनरनेही धास्ती घेतली. काही पुठ्ठ्यांवर बाण सुटण्याच्या चित्रावर चिकटपट्टी लावली गेली, नंतरच्या छपाईतून तो मजकूरच गेला आणि मुलांच्या हाती पडलेल्या बोबा फेटचा बाण पाठीला कायमचा जोडलेला होता.

ती चिकटपट्टी माझ्या दृष्टीने वैद्यकीय दस्तऐवज आहे. एका मुलाच्या श्वासनलिकेत काय घडले आणि त्याची दखल कारखान्याने केव्हा घेतली, हे पुठ्ठ्याच्या तीन छपायांत दिसते. कंपन्या आपल्या चुका सहसा मिरवत नाहीत. त्यांची जुनी वेष्टने मात्र कोणा हौशी माणसाच्या कपाटात शाबूत राहतात.

अमेरिकेत १ जानेवारी १९८०पासून तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भागांचा नियम लागू झाला. सव्वा इंच व्यासाच्या तिरप्या तळाच्या नळकांड्यात खेळण्याचा जो भाग पूर्ण मावेल तो निषिद्ध. माप साधे आणि हुशारीचे आहे. पण ज्या बालकाचा जीव गेला ते चार वर्षांचे होते, म्हणजे या नियमाच्या कक्षेबाहेरचे. तीन ते सहा वर्षे वयोगटासाठी वेष्टनावर घशात अडकण्याच्या धोक्याची सूचना सक्तीची करणारा कायदा १९९४ साली झाला. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले ते १ जानेवारी २०२१पासून. त्याआधीचे खोके आणि नंतरचे खोके शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसेल. मात्र आधीचे खोके ठेवले आहे कोणी?

मूल काही गिळून आले की मी आईवडिलांना विचारतो, खेळण्याचे खोके आहे का? उत्तर बहुधा ‘टाकून दिले’ असेच येते. एक्स-रेत प्लास्टिक दिसत नाही, हे आपण जाणतोच. गोल सावली दिसली तर ते नाणे की बटण-बॅटरी, हे कडेच्या दुहेरी वलयावरून ठरवावे लागते, आणि मूल हलले असेल तर ते वलय पुसट होते. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल भाजू शकते. खोक्यावर ‘सीआर २०३२’ एवढी अक्षरे असली तरी वीस मिलिमीटर व्यासाची लिथियम बॅटरी शोधायची आहे हे कळते. लोहचुंबकांचेही तसेच. एकाहून अधिक चुंबक आतड्याच्या वळ्यांना चिमटीत धरतात, म्हणून किती होते हे आधी समजायला हवे. जत्रेतल्या सुट्या खेळण्यांना वेष्टनच नसते, तेथे आपण अंधारात असतो.

या छंदाविरुद्ध एक आक्षेप वजनदार आहे. खेळणे बंद फुगवट्यात अडकवून त्याचा जन्म फुकट घालवला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. बाण सोडणाऱ्या बोबा फेटचा, कधीच विक्रीस न आलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेतील लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला, हा आकडा वाचून मीही क्षणभर थबकलो. मुलांसाठी घातक ठरले म्हणून जे मागे घेतले, त्याचेच मोल सर्वाधिक! तरीही ते मुलाच्या हातात असण्यापेक्षा प्रौढाच्या कपाटात आहे, यात मला वावगे वाटत नाही.

आपल्या संस्थेच्या ग्रंथालयात एक कपाट रिकामे आहे. ज्या खेळण्यामुळे बालक रुग्णालयात आले त्याचे खोके, निदान पुठ्ठा, प्रत्येक सभासदाने तेथे जमा करावे. रुग्णाचे नाव नको. वय, तारीख आणि कोणता भाग कोठे अडकला एवढी चिठ्ठी पुरे. दंतवैद्य आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ सहकाऱ्यांकडेही असे नमुने येतात, त्यांनाही हीच विनंती. पहिली दोन खोकी मी या महिन्यात आणून ठेवतो.