भाव बांधले, मालकी सुटली

बारामती आणि इंदापूर ही नगरपालिकांची शहरं, म्हणून केबलच्या डिजिटायझेशनच्या तिसऱ्या टप्प्यात आली. मधल्या रस्त्यावरची काटेवाडी, पालखीच्या मेंढ्यांच्या रिंगणामुळे दरवर्षी पडद्यावर दिसणारी, ग्रामपंचायतीची म्हणून चौथ्या आणि शेवटच्या टप्प्यात गेली. त्याची मुदत 31 मार्च 2017 होती. सेटटॉप बॉक्स बसला की प्रेक्षक हवी ती वाहिनी निवडेल आणि तिचेच पैसे भरेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्याच मार्चमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने, नवी दरप्रणाली जाहीर केली, ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि 2019 मध्ये ती घरोघरच्या बिलात आली. पुढे 2020, 2022 आणि 2024 मध्ये तिला ठिगळं लागली. या सगळ्या खटाटोपात ट्रायने वाहिनीचा भाव बारकाईने पाहिला. वाहिनी, वायर आणि मोबाइल कोणाच्या हाती एकवटत आहेत याकडे मात्र दुर्लक्ष झालं. स्पर्धा हवी असेल तर नजर तिथे हवी होती.

आधी भावाचाच हिशेब घेऊ. 2019 च्या नियमानुसार 100 वाहिन्यांसाठी नेटवर्कचं शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे होतं. एकही सशुल्क वाहिनी घेण्याआधीचा हा आकडा. कमाल मर्यादा म्हणून लिहिलेले 130 रुपये बहुतेक बिलांत ठरलेली फी होऊन बसले. गोम मात्र पॅकमध्ये होती. वाहिन्यांच्या गठ्ठ्यावर 15 टक्क्यांहून जास्त सवलत देता येणार नाही, ही मूळ आदेशातली अट मद्रास उच्च न्यायालयाने मनमानी ठरवली. मग सुटी वाहिनी महाग आणि गठ्ठा स्वस्त, असा खेळ सुरू झाला. 2020 मध्ये ट्रायने गठ्ठ्यातल्या वाहिनीची कमाल किंमत 19 वरून 12 रुपयांवर आणली, मुंबई उच्च न्यायालयाने जून 2021 मध्ये तो आदेश बहुतांशी मान्यही केला. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये ट्राय स्वतःच 19 रुपयांवर परतली आणि गठ्ठ्यावर 45 टक्के सवलतीची मुभा दिली. 19 रुपयांच्या चार वाहिन्या सुट्या घेतल्या तर 76 रुपये, गठ्ठ्यात 41 रुपये 80 पैसे. फक्त दोनच घेणाऱ्याला 38 रुपये. निवड करण्याचा हक्क दिला आणि निवड करणाऱ्यालाच तोटा लावला, तर माणूस गठ्ठाच उचलणार.

प्रेक्षकाला खरा दिलासा आला तो दुसरीकडून. 2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचा रिचार्जच नाही. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. दुसरा दिलासा स्वस्त मोबाइल डेटाचा. सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक 2020 च्या अखेरीस सुमारे सात कोटी होते, मार्च 2025 मध्ये ते पावणेसहा कोटींच्या आसपास उरले. मोठ्या प्रसारक समूहांनाही छत्रीची धास्ती कळलेली आहे: आपल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या त्यांनी 2019 मध्ये फ्री डिशवरून काढल्या, 2020 मध्ये परत आणल्या आणि 2022 मध्ये पुन्हा काढल्या.

यावर साधा आक्षेप असा की, ग्राहक स्वतःच पाय काढून घेतो आहे, बाजार स्वतःला सावरतो आहे, मग नियमन हवंच कशाला? जुलै 2024 मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्काची मर्यादा काढून टाकली, ती याच दिशेने. भावाच्या बाबतीत मला हे मान्य आहे. पण आयपीएलच्या 2023 ते 2027 च्या हक्कांचा लिलाव आठवा. जून 2022 मध्ये टीव्हीचे हक्क स्टारने 23,575 कोटींना घेतले आणि डिजिटलचे वायकॉम18 ने. एकाच खेळाचे दोन विक्रेते एकमेकांसमोर होते, म्हणूनच 2023 मध्ये मोबाइलवर सामने फुकट दिसले. नोव्हेंबर 2024 मध्ये हे दोघे रिलायन्सच्या ताब्यातल्या जिओस्टारमध्ये एकत्र आले. हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांवर रिलायन्सचा ताबा त्याआधीपासूनच आहे. म्हणजे सामना, तो दाखवणारी वाहिनी, घरापर्यंतची वायर, मोबाइलचा डेटा आणि वरचं अ‍ॅप, सगळं एका छताखाली. केबल सोडून मोबाइलकडे वळणारा ग्राहक पळतो, पण पोचतो त्याच मालकाच्या दारात. 19 रुपयांच्या मर्यादेला यातलं काहीही दिसत नाही.

स्पर्धा आयोगाने विलीनीकरणाला ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी देताना अटी घातल्या हे खरं. काही वाहिन्या विकायच्या, क्रिकेटच्या टीव्ही आणि डिजिटल जाहिराती एकत्र बांधून विकायच्या नाहीत. जाहिरातदाराची काळजी घेतली गेली. सामना पाहणाऱ्याच्या वाट्याला त्या मानाने थोडंच आलं. हक्क इतके महाग आहेत की मोठ्या भांडवलाशिवाय कोणी टिकणार नाही, हा उद्योगाचा युक्तिवादही खोटा नाही. पण मोठं व्हायला हरकत नसणं आणि मोठ्याने इतरांची वाट अडवायला हरकत नसणं यांत फरक आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल प्रसारकांनी बंद केले, तेव्हा ही ताकद दिसली. शिव्या अर्थातच गावातल्या केबलवाल्याने खाल्ल्या.

यावर उपाय नवा शोधायला नको. 2004 पासून चालत आलेल्या नियमानुसार प्रत्येक प्रसारकाने मागेल त्या वितरकाला, भेदभाव न करता वाहिनी द्यायची आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने 2010 मध्ये स्काय कंपनीला तिच्या क्रीडावाहिन्या प्रतिस्पर्ध्यांना ठरलेल्या घाऊक दरात द्यायला लावल्या आणि बाजार बदलल्यावर 2015 मध्ये ते बंधन उठवलं. आपला नियम अ‍ॅपपाशी येऊन थांबतो. थेट सामन्यांपुरता तो अ‍ॅपलाही लावावा, आणि ज्या समूहाकडे वाहिनी व वायर दोन्ही आहेत त्याचे हिशेब वेगळे ठेवून जाहीर करावेत. सुट्या वाहिनीच्या किमतीवर पुन्हा पाच वर्षं कोर्टकचेऱ्या करण्यापेक्षा हे सोपं आहे. सध्याच्या आयपीएल हक्कांची मुदत 2027 च्या हंगामाबरोबर संपते. पुढच्या लिलावाच्या अटी निघण्याआधी हा नियम झाला, तर बोली लावणारा तो गृहीत धरून बोली लावेल. नंतर झाला, तर तो आधीच मोजलेल्या पैशांचं कारण सांगून न्यायालयात जाईल.