फक्त बीअरच घेतो हो!

दारुडा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गुत्त्याबाहेर आडवा पडलेला कुणीतरी येतो. आपण अर्थातच त्यातले नाही. आपण 'सोशल ड्रिंकर'. शुक्रवारी, टीमबरोबर आणि तेही फक्त बीअर! माझं म्हणणं एवढंच की ही वर्गवारी आपण आपल्या सोयीसाठी केलेली आहे. शरीर ग्रॅम मोजतं, कंपनी कोणाची होती ते बघत नाही.

थोडं गणित करू (सवयीचा गुलाम, दुसरं काय). ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असेल तर, शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे २० ग्रॅम. आणि ६५० मिलीच्या, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरमध्ये? सुमारे ४० ग्रॅम! म्हणजे 'फक्त एक बीअर' = दोन लार्ज.

आता मोठं चित्र बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात २६ लाख माणसं दारूपायी गेली. सगळ्या मृत्यूंच्या ४.७ टक्के. पण २० ते ३९ या वयोगटात हेच प्रमाण जातं १३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या-माझ्या वयात! कारण सगळेच काही यकृत सडून मरत नाहीत. ७ लाखांहून जास्त मृत्यू अपघात, मारामाऱ्या, आत्महत्या असल्या कारणांनी झालेले आहेत. त्यासाठी वर्षानुवर्षं प्यावी लागत नाही, एक रात्र पुरते. आणि गाडीखाली येणाऱ्याने तर थेंबही घेतलेला नसतो.

"पण रोज थोडी वाईन हृदयाला चांगली ना?" हा प्रश्न ठरलेला. त्या जुन्या अभ्यासांमध्ये एक गोची होती. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते, त्यामुळे थोडी पिणारे आपोआप ठणठणीत दिसले. दारूने कॅन्सर होतो हे तर १९८८ पासून अधिकृत आहे. २०२३ मध्ये संघटनेने स्पष्टच सांगितलं, सुरक्षित असं प्रमाणच नाही.

मग काय, बंदी? मला तरी स्कॉटलंडचा मार्ग जास्त पटतो. त्यांनी २०१८ मध्ये अल्कोहोलच्या दर युनिटला किमान किंमत ठरवली. ब्रँड कुठलाही असो, हिशोब आतल्या अल्कोहोलचा. निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे १३ टक्क्यांनी कमी झाले असा अंदाज २०२३ मध्ये निघाला. पिणाऱ्याला नावं ठेवली नाहीत, नुसतं मोजमाप बदललं.

असो. कोणी काय प्यावं हे सांगणारा मी कोण? फक्त बाटलीवरचे मिली गुणिले टक्के गुणिले ०.८, भागिले १००, एवढं करून ग्रॅम काढत चला. आणि टेबलावर कुणी लिंबू सरबत मागवलं तर "अरे, एकाने काय होतंय?" म्हणू नका. काय होतंय ते वर लिहिलंच आहे.